उभी, आडवी आणि एक रिकामी खुर्ची

सभा कितीही भरलेली असो, बाई दाराजवळची एक खुर्ची रिकामी ठेवायच्या. कोणी बसायला गेलं की म्हणायच्या, "ती नको. तिचं काम आहे."

बाई पालिकेच्या प्रभाग कार्यालयात कारकून होत्या. आमची शाळा कोपरीत, खाडीच्या अंगाला. नाक्यावरचं दारूचं दुकान बंद करावं की नाही, यावर वॉर्डातल्या बायकांचं मतदान लागलं. ते काय आहे हे समजावून सांगायला बाईंची नेमणूक झाली आणि सभांसाठी माझा वर्ग घेतला. बाकं सरकवायचं काम अर्थातच मास्तरकडे, म्हणजे माझ्याकडे.

मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, तुम्हाला ठाऊक असेल. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. एवढं कोणीही सांगेल. बाई मात्र पुढे त्या खुर्चीकडे बोट दाखवायच्या.

"ही बाई मतदानाला आलीच नाही. हिचं मत कोणाला?"

"कोणालाच नाय!" सगळ्या एका सुरात.

"दुकानाला. आलेल्यांतल्या नव्हे, मतदारयादीतल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त आडवीवर हव्यात. कमी पडल्या तर दुकान चालू."

वर्ग चिडीचूप. तीस वर्षं शिकवून मला असली शांतता कधी मिळाली नव्हती.

पण पुढचं ऐकून माझं डोकं फिरायचं. जितका वेळ आडवीला, तितकाच उभीला. दुकान बंद झालं तर चोरून विक्री होईल अशी काहींना भीती आहे, दुकानातल्या नोकरांचं काम जाईल, हेही त्या त्याच आवाजात सांगायच्या. पुढच्याच ओळीत कोळीवाड्यातली मावशी बसलेली असे. तिच्या मुलाची होडी वर्षभर चिखलात पडून होती आणि मुलगा दुकानाच्या पायरीवर.

"अगो बाय, तू कुठं शिक्का मारशील त्ये सांग ना!"

"माझं नाव तुमच्या यादीत नाही, मावशी. ठरवायचं तुम्ही."

"हिला मालकानं इकत घेतली," असं म्हणत मावशी तणतणत निघून गेली. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

मालकाचा माणूस प्रत्येक सभेला येऊन मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. बाई त्याला एवढंच म्हणाल्या, "पंखा बंद करते, म्हणजे आवाज नीट येईल." उकाड्याने आमचा जीव गेला.

मतदान झालं आणि आडवी बाटली अगदी काठावर जिंकली. मालकाने लगेच तक्रार ठोकली. बाईंनी बायकांना फितवलं, मतदान रद्द करा. कलेक्टर कचेरीत सुनावणी झाली, मी साक्षीला होतो. साहेबांनी मालकाचेच व्हिडिओ लावायला सांगितले. एकामागून एक सभा, तेच बोलणं, तोच आवाज, दोन्ही बाजूंना सारखा वेळ. शेवटी मालकाचा वकीलच म्हणाला, "पुरे साहेब, बंद करा." तक्रार फेटाळली गेली. बाईंचा एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला असता, तर दुकान पुन्हा उघडलं असतं. बाहेर येऊन बाईंची माफी मागायची होती, पण त्या कार्यालयाची वेळ गाठायला रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिल्याही होत्या.

गेल्या वर्षी बाई वारल्या. डोंबिवलीला त्यांच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा त्यांची मुलगी सहज बोलून गेली, "बाबा दारूनेच गेले ना. तुमच्या सभा चालू होत्या तेव्हा वर्षही झालं नव्हतं."

उभ्या बाटलीची बाजू मांडताना बाईंचा आवाज एकदाही हलला नव्हता. एवढं मोठं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

शोकसभा माझ्याच वर्गात ठेवली. खुर्च्या मावशीच्या मुलाने मांडल्या होत्या, सकाळीच होडी लावून आला होता. वर्ग गच्च भरला. दाराजवळची एक खुर्ची तेवढी मोकळी दिसली, म्हणून मी बसायला गेलो, तर मावशीने माझा हात धरला.

"तिथं नको, मास्तर. त्या बायचं नाव आता आपल्या यादीत हाय."