चिनी निवट्या

पीएच.डी. लवकर संपली तर माणसाला डिग्री मिळते, नाही संपली तर किस्से मिळतात. आमच्याकडे किस्से भरपूर आहेत.

जागा अंधेरीतल्या आमच्या कॉलेजची लायब्ररी, मागचा कोपरा. नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि रीटा. माझा विषय खाऱ्या जमिनीतला भात, रीटाचा निवटी. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा तो बोटभर मासा, ज्याचे डोळे टाळूवर बसवल्यासारखे दिसतात. तिसरे सावंत, आमचे ग्रंथपाल. त्यांची पीएच.डी. नाही, पण आमच्या दोघींच्या पीएच.डी.ची काळजी त्यांनाच जास्त.

दोन्ही विषयांवरचं काम बहुतेक चिनी भाषेत. चीनमध्ये निवट्या तळ्यांत पाळतात, हौसेने खातात, त्यावर पेपरावर पेपर लिहितात. म्हणून सावंतांनी प्राचार्यांच्या मागे लागून चिनी नियतकालिकांच्या ऑनलाइन डेटाबेसची वर्गणी भरायला लावली. चिनी आमच्यात कोणालाच येत नव्हतं, पेपर कॉम्प्युटरकडून भाषांतर करून वाचायचो. सगळ्यात स्वस्त वर्गणी, त्यामुळे एका वेळी एकालाच आत जाता यायचं. मी आत असले की रीटा माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालायची.

"तुझा भात कुठे पळून जात नाहीये, यार. ऊठ ना."

"तुझ्या निवट्या तरी कुठे पळतायत?"

"माझ्या पळाल्या गं," ती म्हणायची. "म्हणून तर शोधतेय."

तिचं म्हणणं खरं होतं. मालाडच्या खाडीकडच्या गावठाणात तिचं घर. तिचे पप्पा, आगुस्तीन अंकल, तरुणपणी बिळात कोपरापर्यंत हात घालून निवट्या काढायचे. आता त्या खाडीत प्लास्टिक निघतं. रीटाला निवटीची अंडी तळ्यात कशी घालून घ्यायची ते शिकायचं होतं. थिसिससाठी तर होतंच, पण अंकलच्या ताटात एकदा तरी निवटीचं कालवण पडावं, हे खरं कारण. निवट्या संपल्यापासून अंकलनी दुसऱ्या माशाला मनापासून हात लावला नव्हता.

*

ती साइट मधूनच थांबायची आणि तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा म्हणायची. चित्रात चार चिनी अक्षरं विखुरलेली असायची, ती सांगितलेल्या क्रमाने दाबायची.

पहिल्यांदा हे बघून सावंत चष्मा काढून उभे राहिले. "मी माणूस आसय, ह्या सिद्ध करूक माका आता चिनी येवक व्हया?"

पण आठवड्याभरात तेच उस्ताद झाले. अक्षरांना त्यांनी नावं ठेवली. हे छत्री, हे गवळ्याची कावड, हा पाय मुडपून बसलेला म्हातारा. आम्ही अडकलो की लांबूनच सांगायचे, "आधी म्हातारो, मग छत्री."

एक दिवस त्यांचंही चुकलं, परत चुकलं, मग साइटने बाहेरच काढलं. सावंत शांतपणे टेबलाकडे परतले. "चला, आज आपण कोण माणूस नाय. चहा घेवया."

*

रीटाला पुराव्याशिवाय काही चालत नाही. तिच्यासमोर साधी गप्पसुद्धा मारायची चोरी.

सावंत म्हणाले, "बोरिवलीला वांगी स्वस्त झालीत."

"रेफरन्स?"

"आमची बायको. प्रत्यक्ष भेट, काल संध्याकाळी."

हसण्यावारी जायचं सगळं. पण पहिल्या प्रकरणात तिने एक वाक्य लिहिलं होतं, 'या खाडीत पूर्वी निवट्या भरपूर होत्या.' गाइडने समासात विचारलं, संदर्भ काय? आम्ही जुनी नियतकालिकं धुंडाळली, कुठेच काही सापडेना. आमच्या खाडीतल्या निवट्या कधी कोणी मोजल्याच नव्हत्या.

मी म्हटलं, "पप्पांचं नाव घाल ना. ते सांगतात तेवढं पुरे की."

"पप्पा म्हणजे रेफरन्स नाही," ती म्हणाली आणि तिने स्वतःच ते वाक्य खोडलं. मला तेव्हा तिचा राग आला होता.

*

चिनी पेपरांची एक गंमत आहे. पहिल्या पानाच्या तळाशी लेखकाचं जन्मसाल, बाई की पुरुष, आणि मूळ गाव कुठलं ते छापलेलं असतं. काही पेपरांत नसतं, पण बहुतेकांत असतंच.

सावंतांना हे कळलं आणि चिनी संशोधनाबद्दलचं त्यांचं मत एकदम वर गेलं. "ह्या बरा. आमच्याकडे माणूस भेटलो की पयला गाव विचारतत. हे विचारूच्या आधीच सांगतत."

मग त्यांनी आमचे पेपर निवडायला सुरुवात केली. लेखक डोंगराकडचा असला तर बाजूला. "ह्येका निवटी काय ठावक?"

त्यातूनच आम्हाला लिन सापडला. गाव समुद्रकाठचं. निवटीच्या अंड्यांवरचे सगळे कामाचे पेपर त्याचेच निघाले. महिन्याभरात रीटा 'आमचा लिन' म्हणायला लागली. आमचा लिन काय म्हणतो, आमच्या लिनने पाणी किती खारट ठेवलंय. सावंत नकाशावर त्याचं गाव शोधून आले आणि म्हणाले, "खाडी आसा. माणूस आपलो."

*

लिनचा जुना थिसिसही तिथे होता. चिनी थिसिसच्या शेवटी आभाराचं पान असतं, आणि ते लोक आभार मोकळेपणाने मानतात. गाइडचे, मित्रांचे, थिसिस होईपर्यंत लग्नासाठी थांबलेल्या मुलीचे. आम्ही कुठलाही थिसिस उघडला की आधी तेच पान भाषांतराला टाकायचो. पेपर काय, नंतर आहेच.

लिनने शेवटी वडिलांचे आभार मानले होते. ते त्याला लहानपणी चिखलावरून सरकणाऱ्या फळीवर बसवून निवट्या पकडायला न्यायचे. त्याने लिहिलं होतं, 'माझं पहिलं शिक्षण तिथे झालं. आता ते चिखलात उतरू शकत नाहीत, म्हणून मी तळं करतो आहे.'

रीटाने हे मोठ्याने वाचलं. मला माझ्या गावची खाडीलगतची खाजण जमीन आठवली, बांधावरचा वारा आठवला. सावंत उगाच रजिस्टर चाळायला लागले.

"चहा सांगा," रीटा म्हणाली. समोर तीन भरलेले कप होते.

*

संध्याकाळी रीटा घरी गेली की अंकलचा ठरलेला प्रश्न. "सापडली काय तुजी चिनी निवटी?"

एकदा तिने त्यांना लिनच्या पेपरातला तक्ता दाखवला. निवटीत प्रथिनं किती, तेल किती, क्षार किती, सगळं रकान्यांत. तिने एकेक रकाना मराठीत समजावून सांगितला. अंकलनी नीट ऐकून घेतलं.

"बरा हाय," ते म्हणाले. "चव कंच्या रकान्यात हाय?"

दुसऱ्या एका पेपरात होतं की निवटीची मादी बिळाच्या छताला अंडी चिकटवते. बिळात हवा नसते, म्हणून नर वर येऊन तोंडात हवा भरतो आणि आत नेऊन सोडतो, पुन्हा पुन्हा, पिल्लं होईपर्यंत. हे रीटाने त्यांना सांगितलं तेव्हा मीही त्यांच्या ओटीवर होते.

अंकल आपल्या हाताकडे बघत राहिले. "आमी त्याच बिलात हात घालायचो," ते म्हणाले. "मना कोनी आदी नाय सांगितला."

*

मग वर्गणी संपत आली आणि कॉलेजने कळवलं की पुढे भरणार नाही. शेवटच्या दिवसांत आम्ही मिळेल ते उतरवून घेत होतो. मी माझा भात बाजूला ठेवला आणि खुर्ची रीटाला दिली. हे सांगते कारण ती अजून मानत नाही.

लिनचा कृत्रिम बिळावरचा पेपर मुख्य होता. तोच उघडेना. सावंत स्टुलावर बसून अक्षरं सांगत होते, "कावड, म्हातारो, कावड..." आणि पेपर उघडला तर त्यातली दोन पानं कोरी. स्कॅन करतानाच राहिली असणार. नेमकी बीळ बांधायची पानं.

तळाशी लिनचा ईमेल पत्ता होता. रीटा कधी अनोळखी माणसाला लिहीत नाही. तिने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साइटने आम्हाला ओळखलं नाही. सावंतांनी चारही अक्षरं बरोबर दाबली, तरी नाही. "शेवटची म्हाताऱ्याची भेट घेवन ठेवक व्हयी होती," ते म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. तो कोपरा नंतर कितीतरी दिवस सुना वाटायचा.

*

लिनचं उत्तर आलं तो रविवार होता. अंकलचा वाढदिवस म्हणून मी आणि सावंत त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. जेवणं झाली होती. अंकलच्या ताटात सुरमईचा तुकडा तसाच होता. रीटाचा फोन वाजला आणि तिने मेल उघडून आम्हाला मराठीत सांगायला सुरुवात केली.

लिन निवृत्त झाला होता. राहिलेली दोन्ही पानं त्याने जोडली होती, शिवाय बिळाचं मोठं चित्रही. खाली चार ओळी होत्या. तळ्यांतल्या निवट्या पुष्कळ आहेत, पण आमच्या गावचा चिखल भरून टाकला, तिथे आता रस्ता आहे. मोकळी निवटी पाहून वर्षं झाली. वडीलही गेले. तुमच्या खाडीत अजून आहेत का? असतील तर मला एकदा येऊन बघायच्या आहेत.

शेवटच्या ओळी रीटाने मनातच वाचल्या आणि फोन आम्हा दोघांपुढे धरला. सावंत माझ्याकडे बघेनात.

"काय इचारतो तो?" अंकलनी विचारलं.

"आपल्या खाडीत निवट्या आहेत का, म्हणतो."

अंकलनी खिडकीतून खाडीकडे पाहिलं. "लिव, हायेत."

"पप्पा..."

"लिव ना गो."

रीटाने टाइप केलं, मग मोठ्याने वाचून दाखवलं. "आहेत. भरपूर आहेत." आणि पाठवून दिलं.

अंकलनी ताट जवळ ओढलं, सुरमईचा काटा बाजूला काढला. "आनि त्याला सांग," ते म्हणाले, "ओहोटी बघून ये म्हनावं."