वहिनींच्या विहिरीतला पांढरा दगड

आज अकोल्यात घरी फरशी धुवायला ॲसिडची बाटली उघडली आणि त्या वासाने मी थेट चांदूर बाजारला, वहिनींच्या ओसरीत जाऊन पोचलो.

तेव्हा मी बी.एस्सी.ला होतो आणि दगड तपासायचं वेड होतं. चुलतभावाच्या विहिरीच्या खोदकामात पांढऱ्या, सुयांसारख्या स्फटिकांचे दोन दगड निघाले होते. वहिनींनी ते काचेच्या कपाटात, लग्नाच्या फोटोशेजारी ठेवले होते. त्यांतला एक मी मागून घेतला. कॉलेजातलं ॲसिड जवळ नव्हतं, म्हणून लिंबू पिळलं. चुन्याचा दगड असता तर बुडबुडे आले असते. आले नाहीत. व्हिनेगरनेही काही झालं नाही.

“भाऊजी, दगडाचं लोणचं घालून राहिले का?” वहिनी हसल्या.

मग मी कुणाला न विचारता मोरीतलं ॲसिड त्यावर ओतलं. थोड्या वेळात त्या केसांसारख्या सुया गढूळ झाल्या. बोट लावलं तर ओल्या साबणासारखं हाताला आलं.

“काय झालं जी?”

“दगड कच्चा होता, वहिनी. असाही गेलाच असता.”

“तुमाले समजते त्यातलं,” म्हणत त्यांनी कपाटातला दुसरा दगड काढला आणि माझ्यादेखत उकिरड्यावर टाकला. ॲसिड पडण्याआधीच्या पहिल्यासारखाच तोही अगदी चांगला होता. मी जागचा उठलो नाही. उलट, सुटलो असंच तेव्हा वाटलं.

वहिनी अजूनही पाहुण्यांना सांगतात, आमच्या विहिरीचे दगड कच्चे निघाले. मी समोर असलो, तरी सांगतात.