अनुदानाचा जावई

"तुमची समस्या काय?"

भेट झाली की नमस्काराच्या जागी ते हेच विचारायचे. छातीच्या खिशातलं पेन काढायचे, टोपण उघडायचे आणि आपण तोंड उघडायच्या आत मान डोलवू लागायचे. डॉक्टरलाही समस्या हवी असते, पण त्याला ती निदान बरी करायची असते. यांना ती फक्त लिहून बेंगळूरला पाठवायची असायची.

असे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. निवृत्त होतात, थोडे दिवस सकाळी फिरायला जातात आणि मग कुठल्यातरी संस्थेचे सचिव होतात. आमच्या वाट्याला आलेले हे मूळचे पुण्याचे. म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांनी उभी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिले. बायको पुण्याला, मुलाकडे. ती इकडे का येत नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांच्याशी दोन तास बोलल्यावर विचारायची गरजही उरत नसे. आम्ही त्यांना सेक्रेटरी साहेब म्हणायचो. संस्था नव्हती तेव्हापासून.

संस्था म्हणजे तरी काय? आमचे पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेत होते. त्यांनी घोडे पळवले, आम्ही स्कूटर पळवतो. हूटगळ्ळीत नवी घरं झाली तशी आमच्यातली बरीच कुटुंबं तिथं जाऊन राहिली. घरात आम्ही मराठी बोलतो. म्हणजे आम्ही तिला मराठी म्हणतो. निम्मी कन्नड असते. गणपतीत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाटक होतं आणि ते दर वर्षी एकच असतं. बेंगळूरची सून घरी येते, सासू तिला फैलावर घेते, शेवटी दोघी एका ताटात जेवतात. लिहिलेलं काही नाही. दोन चादरी जोडून पडदा केलेला, तो नेमका मध्येच अडकतो.

सासूचं काम माझी आत्या करते. आम्ही तिला कन्नडातल्यासारखं अत्तेच म्हणतो. कन्नडमध्ये सासूलाही अत्तेच म्हणतात, त्यामुळे स्टेजवर तिला वेगळं काही व्हावं लागत नाही. घरून निघताना ज्या सुरात ती कुकर बंद करायला सांगते, त्याच सुरात ती नाटक सुरू करते. निम्मे लोक तेवढ्यासाठीच येतात.

एका वर्षी सेक्रेटरी साहेब हे नाटक बघायला आले आणि पहिल्या रांगेत बसले. सगळे हसत होते, हे टिपून घेत होते. संपल्यावर माझ्याकडे आले आणि म्हणाले, यात सामर्थ्य आहे, पण यांची समस्या काय? मी म्हटलं, पडदा अडकतो. ते हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मग खोडलं.

बेंगळूरचं एक प्रतिष्ठान वस्तीपातळीवरच्या छोट्या कलाप्रकल्पांना अनुदान देतं, हा शोध त्यांना तेव्हाच लागला होता. त्यासाठी नोंदलेली संस्था लागते, म्हणून संस्था झाली. अर्ज इंग्रजीत लागतो आणि मी जयलक्ष्मीपुरमच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून मला न विचारता मी विश्वस्त झाले.

अर्ज लिहिताना त्यांना बघायला हवं होतं. म्हैसूरातल्याच गोकुलमचं उदाहरण सारखं तोंडात. तिथं बघा, साधं योगासन, पण मांडणी कशी केलीय, परदेशातून लोक येतात, आणि तुम्ही चादरी लावून बसलाय. एकदा त्यांनी तिथल्या कॉफीच्या दुकानातून एका परदेशी बाईंना सल्लागार म्हणून गाठून आणलं. बाई योगाची चटई घेऊन आल्या, तालमीत तासभर मांडी घालून बसल्या, अत्तेनं दिलेली चित्रान्नाची बशी संपवून नमस्कार करून गेल्या. अर्जात त्या "आंतरराष्ट्रीय सहयोग" झाल्या.

शेवटी समस्याही सापडली. आमची भाषा मरत होती. ही बातमी आम्हाला त्यांच्याकडून कळली. अर्जात आम्ही सगळे "लाभार्थी" होतो. अत्तेनं मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, ज्यांना फायदा होतो ते. "कुणापासून?" तिनं विचारलं.

अनुदान मिळालं. त्याबरोबर फलक आला, हजेरीपट आला, खरा पडदा आला, आणि शुद्ध मराठी आली. मरणारी भाषा वाचवायची तर ती नीट बोलली पाहिजे, असं साहेबांचं म्हणणं. त्यांनी स्वतः संवाद लिहून काढले. तालमीत ते विंगेत खुर्ची टाकून बसायचे. अत्ते "स्वल्प" म्हणाली की आतून आवाज यायचा, "थोडं." ती "सुम्ने" म्हणाली की आवाज यायचा, "उगाच." चार वाक्यांत आठ वेळा. इतकी वर्षं म्हैसूरात काढून या माणसाला रिक्षावाल्याला थांबवण्यापुरतंही कन्नड येत नव्हतं, आणि तो आमच्या तोंडातली वाक्यं धूत बसला होता.

अत्ते कधी कुणाला घाबरलेली मी पाहिली नव्हती. त्या महिन्यात ती स्वयंपाकघरात कागद घेऊन बसायची. "सूनबाई, आपण विलंबाने का आलात?" असं पुटपुटत भाजी चिरायची. एक दिवस सुरी खाली ठेवून मला म्हणाली, "असं बोलून कुणाला राग येतोय असं वाटतंय काय गं?" मग म्हणाली, यंदा दुसरं कुणीतरी बघा, मला हे जमणार नाही. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला साहेबांचा तो संवादांचा गठ्ठा विहिरीत टाकावासा वाटला.

दुसरं कुणी मिळालं नाही. नाटकाच्या दिवशी प्रतिष्ठानाकडून एक तरुण बाई आल्या, कन्नड बोलणाऱ्या. त्यांना फलकाशेजारी बसवलं. पडदा अजिबात न अडकता उघडला आणि अत्ते पुतळ्यासारखी उभी. सून बॅग घेऊन आली. अत्तेनं तोंड उघडलं, मिटलं. विंगेतून साहेब म्हणाले, "सूनबाई, आपण विलंबाने." ती गप्प. साहेब आणखी मोठ्यानं म्हणाले. आता मागच्या रांगेलाही ऐकू गेलं. मी खाली बघत होते. मला तिचा चेहरा बघवत नव्हता.

तेवढ्यात अत्ते विंगेकडे वळली. "तुम्हीच या की बाहेर," ती म्हणाली. "आत बसून सुम्ने काय पुटपुटता?"

आणि ते आले. का आले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हातात संवादांचे कागद, नाकावर चष्मा, तोंडावर सगळा उजेड. अत्तेनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि तिचा आवाज परत आला. हा आमचा जावई, तिनं लोकांना सांगितलं, आमचा अळियदेवरू. कन्नडमध्ये लाडावलेल्या जावयाला असंच म्हणतात, देव करून. मग तिनं त्यांचं सगळं काढलं. लेकीला तिकडे ठेवून इकडे एकटा राहतो, आल्या-गेल्याला शब्द शिकवतो, सासूच्या घरी येऊन खुर्ची मागतो.

"आपण विषयांतर करीत आहात," साहेब म्हणाले.

मंडप कोसळायचाच बाकी राहिला. ते जितकं शुद्ध बोलत तितके लोक हसत, आणि ते जितके हसत तितके हे आणखी शुद्ध होत. माझा आक्षेप नोंदवून घ्यावा, म्हणाले. सून बिचारी बॅग धरून कोपऱ्यात उभी, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बेंगळूरच्या बाई पदरानं डोळे पुसत होत्या.

यानंतर एखाद्या माणसानं थोडं शरमावं की नाही? साहेबांनी अहवाल लिहिला. त्यात तो प्रसंग "प्रेक्षकाभिमुख रंगतंत्राचा नियोजित प्रयोग" झाला होता. नियोजित कसा, असं मी विचारलं. "अहवालात आश्चर्य चालत नाही," ते म्हणाले.

पुढच्या वर्षीच्या अर्जात तर त्यांनी कमाल केली. सासू-जावयाची ही नक्कल म्हणे फौजेच्या छावणीत दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाली. गेल्या गणपतीत अत्ते वाक्य विसरली म्हणून जन्मलेली परंपरा. फौजी घराण्यातली वारसदार म्हणून मी त्यावर सही करायची होती. मी नाही म्हटलं. त्यांनी मला समाजद्रोही ठरवलं. अत्ते सही करायला तयार होती. दोनशे म्हणजे माझ्या लग्नाच्या आधीचंच ना, कुणाला ठाऊक, म्हणाली. तिलाही मी करू दिली नाही. आजही करू देणार नाही. खोट्या पणज्यांच्या नावावर पैसे मागायचे नसतात.

अनुदान नाकारलं गेलं. साहेबांनी आमच्याकडे येणं सोडलं. भाजीच्या दुकानात मी दिसले की ते दोडक्याकडे अशा बारकाईनं बघत राहायचे, की खरेदी विभागातली सगळी वर्षं त्या दोडक्यात उतरायची.

गणपती आले. फलक नाही, हजेरीपट नाही, बेंगळूरचं कुणी नाही. नाटक सुरू झालं, अत्ते आपल्या भाषेत सुनेला झापत होती, आणि बोलता बोलता ती थांबली. खुर्च्यांच्या पार मागं, पाण्याच्या टाकीजवळ साहेब उभे होते. अंगात इस्त्रीचा झब्बा.

"अळियदेवरू, बा इल्ली," ती म्हणाली. "लांब उभं राहून काय बघता?"

इकडे या म्हटल्यावर ते इतक्या झटकन आले, की झब्ब्याला इस्त्री कशासाठी केली होती हे सगळ्यांना कळलं. मला हसू आलं आणि का कोण जाणे, हसताही येईना. अत्तेनं कमरेवर हात ठेवून सुरुवात केली, एवढे दिवस कुठं होतात. ते ताठ उभे राहिले, घसा साफ केला आणि मालाची मागणी वाचून दाखवावी तसं एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "नानू ऊटा माडिल्ला."

मी जेवलो नाही. त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेलं पहिलं कन्नड वाक्य. अत्तेनं कमरेवरचे हात काढले. तिनं त्यांना हाताला धरून पानावर बसवलं. त्या वर्षी शेवटी एका ताटात तिघं जेवले, आणि साहेब खरोखर जेवले, पुन्हा भात मागून.

त्याच थंडीत ते न्हाणीघरात पडले. मांडीचं हाड मोडलं. पुण्याहून बायको आणि मुलगा न्यायला आले. बायको आमच्या ओसरीवर कॉफी घेत बसली, शांत, दमलेली बाई. हे इथं काय करायचे, असं तिनं मला विचारलं. मला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी एवढंच म्हटलं, नाटकात काम करायचे.

मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय असं तिला वाटलं. "आमचे हे?" ती म्हणाली. "घरी दिवस दिवस बोलायचे नाहीत."

अत्तेनं तिला कुंकू लावलं, खण दिला आणि डब्यात ओबट्टू बांधून दिले. आमच्याकडे पुरणपोळीला ओबट्टू म्हणतात. साहेब गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते. काच खाली करून त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काही मनातलं बोलतील. त्यांनी पुढच्या अर्जाची शेवटची तारीख सांगितली.

अर्ज मी केला नाही. कुणीच केला नाही. नाटक झालं, नेहमीसारखंच वाईट झालं, आणि बसायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात खुर्च्या एकात एक घालून रचत होतो, तेव्हा पुण्याहून त्यांचा फोन आला. अर्ज केला का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग ते म्हणाले, अत्तेंना द्या.

अत्तेनं फोन कानाला लावला आणि एवढे महिने फोन का नाही म्हणून त्यांना चांगलं झापलं. मग नुसतंच ऐकत राहिली. मी खुणेनं विचारलं, काय म्हणतायत? तिनं फोनवर हात ठेवला.

"काल मी कसं कसं बोलले ते सांगा म्हणतायत. पहिल्यापासून."

एक खुर्ची ओढून ती बसली आणि तिनं सगळं नाटक पुन्हा सुरू केलं, सून दारात येते तिथपासून. मध्येच थांबायची, कान देऊन ऐकायची, पदर तोंडाला लावून हसायची आणि मग पुन्हा रागवायची.