पाला कडू लागला तरी

अल्लीपुरात कुसुमबाईला काही सांगायचं म्हणजे पुराव्यानिशी सांगावं लागतं. वांग्याचं बी चांगलं आहे म्हटलं की विचारते, "कोणाच्या वावरात उगवलं?" अमक्या बाबाचा गुण येतो म्हटलं की विचारते, "कोणाले आला? नाव सांग त्याचं." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; आमची ही शेजारीण पाणीसुद्धा फुंकून पिते, असं मी तिच्या तोंडावर म्हणते. ती हसते. पण तोंड कुठल्या दुधानं पोळलं, हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिची धाकटी बहीण कांता. आर्वीकडच्या माहेरी, दोघी लहान असताना, कांताला काहीतरी चावलं. आमच्याकडे अशा वेळी कडुलिंबाचा पाला चावायला देतात. गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर भ्यायचं कारण नाही. कांता तोंड वाकडं करून थुंकली. सगळ्यांनी हुश्श केलं आणि तिला निजवलं. सकाळी ती उठलीच नाही. तेव्हापासून चारचौघं निश्चिंत झाले की कुसुमबाई जास्तच घाबरते. लोक तिला संशयी म्हणतात. मी म्हणते ती भित्री आहे, आणि तिचं भिणं खरं आहे.

गेल्या भादव्यात तिची सून उज्वला सकाळच्या बाजारासाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. दिवस मावळत आला होता. जुड्या सुकू नयेत म्हणून आम्ही त्यांच्यावर ओलं पोतं टाकून ठेवतो. उज्वलानं पोत्याखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. बोटावर दोन बारीक टिपके. सूज नाही, आग नाही. पोतं उचलून पाहिलं तर खाली काहीच नव्हतं.

"उंदीर असन," कुसुमबाईचे यजमान बंडूजी म्हणाले. तरी पाला आणलाच. उज्वलानं तो चावला आणि कडू-कडू म्हणत चूळ भरली. बंडूजींनी चहा ठेवायला सांगितला.

कुसुमबाई मात्र पांढरीफटक पडली. "किशोर, गाडी काढ. हिंगणघाटले नेऊ."

"आई, कडू लागलं ना तिले," मुलगा म्हणाला.

"कांताले बी कडूच लागलं होतं."

"उंदरासाठी दवाखान्यात जाते का कोणी?" बंडूजी चिडले. "लोक हासतीन."

"हासू द्या. उंदीर पाह्यला का तुम्ही?"

तो कोणीच पाहिला नव्हता. किशोरनं गाडी काढली.

गाडीत मी उज्वलाचा हात धरून बसले. खरं सांगते, माझा सगळा जीव त्या उंदरावर टांगला होता. कुसुमबाई मोबाइलचा उजेड सुनेच्या तोंडावर धरून तिला सारखी बोलती ठेवत होती. "मी खोटी निघाली तं बरं, सुलोचना," ती माझ्या कानाशी म्हणाली. हिंगणघाट जवळ आलं तेव्हा उज्वलाच्या पापण्या मिटायला लागल्या. डोळे उघड म्हटलं तरी तिला उघडता येईनात. जीभ जड झाली, मग तिचं बोलणंच कळेना. किशोर रडत रडत गाडी चालवत होता.

दवाखान्यात लगेच विषावरचं औषध सुरू झालं, श्वासासाठी नळी घालावी लागली. आम्ही बाहेर बसून होतो. आतलं दार उघडलं की आम्ही उठून उभे राहायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "धोका टळला. मण्यार साप असावा. पाल्याच्या चवीवर विसंबून घरी ठेवली असती, तर हाती लागली नसती."

बंडूजींनी बायकोपुढे हात जोडले. "किशोरची माय, तुहंच खरं होतं."

मला वाटलं, आता तरी ही बाई सुखानं श्वास घेईल. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

"अवं कुसुमबाई, वाचली ना पोरगी," मी म्हटलं.

"वाचली ना," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी मनाले समजावत होती, दवाखान्यात नेलं असतं तरी कांता मेलीच असती."