नवसागराची चिमूट

सरदारभाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची भांडी उजळली. कंधारपासून लोह्यापर्यंत ज्या ज्या गावात पितळी पातेलं होतं, त्या त्या गावात त्यांची सायकल जाऊन आलेली. मागच्या कॅरिअरला भाता, हँडलला कोळशाची पिशवी आणि सदऱ्याच्या खिशात कागदाच्या पुडीत नवसागर. पातेलं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं गरगर फिरवायचं. धुराचा पांढरा लोट उठायचा आणि आत चांदी उतरायची. पोरं तोंडं उघडी टाकून बघत बसायची.

मग घरोघर स्टील आलं. दुसऱ्या कुणी त्यावर जन्मभर रडगाणं गायलं असतं. सरदारभाईंनी भाता माळ्यावर टाकला आणि घराच्या ओट्यावर कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायला घेतल्या. रडत बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. हट्ट मात्र होता. वडिलांनी शिकवलेलं त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही, आणि वडिलांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, नवसागराशिवाय कथील धरत नाही.

घरात ते आणि बिलकीस, दोघंच. एकुलती एक लेक हुमा शिरूर अनंतपाळच्या मुज्तबाला दिलेली. घरात दखनी उर्दू, ओट्यावर मराठी आणि भांडण झालंच तर दोन्हींची खिचडी, असा त्यांचा संसार. बिलकीसबी बोलक्या, हसऱ्या, साऱ्या गल्लीच्या आपा. पण गेल्या काही वर्षांत त्यांचे कान गेले. एकदम गेले असते तर कळलं तरी असतं. ते हळूहळू गेले, आधी दारावरची थाप, मग कुकरची शिटी, मग माणसं.

हुमाचा फोन रोज संध्याकाळी आईच्या मोबाइलवर यायचा. बिलकीस तो कानाला दाबून धरायची आणि नुसती हसायची. शेवटी फोन सरदारभाईंच्या हातात जायचा. लेकीचं बोलणं ते ऐकायचे आणि बायकोच्या तोंडाशी तोंड नेऊन, गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचे, "बरी हाय म्हणते! पोरगं शाळेत गेलं म्हणते!" आता सांगा, मायलेकीच्या गोष्टी बापाच्या तोंडून किती जाणार? लेक आईला जे सांगते ते बापाला कसं सांगेल? हुमाचं बोलणं दिवसेंदिवस आखडत गेलं. "अम्मीला सलाम सांगा," एवढ्यावर आलं. सरदारभाईंना ते कळत होतं आणि आत कुठंतरी रोज टोचत होतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं. ते लावलं की शिटी वाजायची, आणि चमचा खाली पडला तरी बिलकीस दचकून उठायची. "नक्को ते मला," ती म्हणाली, "डोक्यात भांड्याचं दुकान उघडल्यागत हुतं." मशीन पेटीत गेलं ते गेलंच.

अवधूत सर आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या आईच्या हंड्यांना सरदारभाईंच्या वडिलांनी कल्हई केलेली, म्हणजे ओळख दोन पिढ्यांची. एकदा कुकर घेऊन ते ओट्यावर आले, तेव्हा फोनचा हा तमाशा चाललेला.

"सरदारभाई, हेडफोन लावून बघितला का?"

"बघितला की. मुंगी बोलल्यागत येतंय म्हणते."

"मग मुंगीचा हत्ती करू," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक डबी आणून दिली. आत तळहाताएवढी हिरवी प्लेट, त्यात बारीक भोकं, आणि एका पुडीत रंगीत पट्ट्यांचे मणी, छोटी छोटी पिंपं, आठ पायांचा एक काळा किडा. हेडफोनच्या अँप्लिफायरचं किट. फोनमधून येणारा बारीक आवाज यात शिरतो आणि मोठा होऊन हेडफोनमध्ये निघतो, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. सरांनी सोल्डरिंगची गन दिली, सोल्डरच्या तारेचं रीळ दिलं आणि बजावलं, "या तारेच्या पोटातच राळ भरलेली असते. वरून काही लावायचं नाही."

सरदारभाई हसले. मनात म्हणाले, सर शिकलेले आहेत, पण कथील काय चीज आहे हे आम्हाला विचारा.

दुपारभर ते ओट्यावर वाकून बसले. एकेक मणी भोकात घातला, पाय मागून वाकवले, आणि प्रत्येक जोडावर पाण्यात कालवलेला नवसागर काडीनं लावला. गन टेकवली की चर्र व्हायचं, ओळखीचा धूर नाकात जायचा, आणि कथील असं धावायचं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटायचं. जोड आरशासारखे चमकत होते. शेवटी फडक्यानं प्लेट पुसली, एका जुन्या मसाल्याच्या डब्यात बसवली, झाकणाला आवाजाचं बटण लावलं.

संध्याकाळी हुमाचा फोन आला. बिलकीसनं हेडफोन लावला. सरदारभाईंनी बटण फिरवलं. एकदम तिचा हात छातीवर गेला.

"खोकून राहिली ती," बिलकीस म्हणाली. "हुमा, खोकतेस का गं? काढा घेतलास का?"

सरदारभाईंना इतक्या महिन्यांत लेकीचा खोकला ऐकू आला नव्हता. आईला पहिल्या श्वासात आला. ते उठून आत गेले आणि तोंडावर पाणी मारून आले. त्यानंतर रोज संध्याकाळी मायलेकींचा तास-तासभर बाजार भरायचा, आणि सरदारभाई मुद्दाम ओट्यावर जाऊन बसायचे. बायकांचं बोलणं बायकांनी बोलावं.

पावसाळा सरत आला तेव्हा एका संध्याकाळी हुमाचा फोन सरदारभाईंच्या मोबाइलवर आला. हसावं की रडावं हे तिलाच कळत नव्हतं.

"अब्बा, अम्मीला काय झालंय? मी सांगितलं, माझी सास बाथरूमात पडली, पाय मोडला. तर अम्मी म्हणते, मुबारक हो मा, लई चांगलं झालं, मिठाई वाटा! स्पीकर चालू होता अब्बा. सास बाजूलाच पडलेली."

"मग?"

"मग काय? मुज्तबा तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाले. आणि आजचंच न्हाई. किती दिवस झाले, मी काय बी सांगितलं तरी अम्मी नुसतं हाव हाव, हो ला हो करते. मी परवा रडले अब्बा. तवाबी ती हाव म्हणाली."

बिलकीस चुलीपाशी होती. सरदारभाईंनी डबा उचलून आपल्या मोबाइलला जोडला, हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, बटण पार टोकापर्यंत फिरवलं. आत मुंगीसुद्धा नव्हती. त्यांनी झाकण उघडलं आणि बघतच राहिले. ज्या जोडांचं एवढं कौतुक केलं होतं ते सगळे हिरवट बुरशीत बुडालेले. नवसागरानं हवेतली ओल ओढून घेतली होती, आणि प्लेटवरच्या तांब्याच्या केसाएवढ्या रेघा खाऊन टाकल्या होत्या. पातेल्याचा पत्रा जाड, तो नवसागर पचवतो, वर पातेलं पाण्यात बुचकळून धुतलं जातं. इथं त्या चिमटीचं विषच झालं होतं.

पण त्यांना त्याहून मोठं दुसरंच काहीतरी लागलं. प्लेट एका दिवसात मेलेली नव्हती. म्हणजे रोज संध्याकाळी बिलकीस मुक्या हेडफोनला कान लावून बसत होती, मान हलवत होती, हसत होती. कशासाठी? नवऱ्यानं एवढ्या हौसेनं केलंय, त्याचं मन मोडू नये म्हणून. दुसरं काय असणार?  तिला एक शब्द न विचारता दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन अवधूत सरांकडे गेले.

सरांनी प्लेट उजेडात धरली आणि बोट टेकवून बोट हुंगलं.

"नवसागर?"

सरदारभाईंनी मान खाली घातली. "वडील म्हणायचे..."

"वडील बरोबरच म्हणायचे. पातेल्याला." सरांनी कपाटातून दुसरं किट काढलं. "बसा. या वेळी माझ्यासमोर."

आणि सरदारभाई शिकले. जन्मभराचा हात विसरायला फार जड जातं. कल्हईत मनगट फिरतं, इथं ते गप्प राहिलं पाहिजे. गनचं टोक आधी ओल्या स्पंजवर पुसायचं, त्यावर कथलाचा हलकासा हात द्यायचा. मग ते टोक एकाच वेळी मण्याच्या पायाला आणि प्लेटवरच्या तांब्याला टेकवायचं, दोन्ही तापू द्यायचे. सोल्डर गनला लावायची नाही, जोडाला लावायची. जोड तापला असेल तर ती आपल्या पायांनी चालत जाते. मोहरीएवढी पुरे. मग आधी तार काढायची, मग गन, आणि गार होईस्तोवर हलवायचं नाही.

"फुंकर मारू का?"

"अजिबात नाही. घाईनं गार केलेला जोड वरून धरल्यासारखा दिसतो, आतून सुटलेला असतो."

पहिले दोन जोड फिक्कट, खडबडीत झाले. सरांनी ते पुन्हा तापवायला लावले. तिसरा साफ उतरला, चकचकीत, भोकाभोवती नीट पसरलेला. सरदारभाई त्याच्याकडे इतका वेळ बघत बसले की शेवटी सर म्हणाले, "आता पुढचा बघा की!"

त्या संध्याकाळी हुमाच्या पहिल्या शब्दालाच बिलकीसचे डोळे मोठे झाले. सासूच्या पायाची हकीकत तिनं पहिल्यापासून ऐकली, कपाळावर हात मारून घेतला, सासूला फोनवर बोलावून दहादा माफी मागितली. मग दार लोटून घेतलं आणि लेकीशी किती तरी वेळ हळू आवाजात बोलत राहिली. काय बोलली ते सरदारभाईंनी विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा शांत होता. मधल्या दिवसांबद्दल ती काही बोलली नाही आणि यांनीही काढलं नाही. आपल्याला सगळं कळलंय, अशा समाधानात हा माणूस होता.

दोन-चार दिवसांनी सरदारभाई बाजारात गेले. भाजीवालीपुढे उभं राहिल्यावर आठवलं, काय आणायचं ते विचारलंच नाही. बाजारातून बायकोला फोन करायची सवय कधीच सुटली होती. बहिऱ्या माणसाला कशाला फोन करायचा? आज मात्र खिशातून मोबाइल काढला. वाजत राहिला, वाजत राहिला, थरथरताना तिला दिसला असावा, मग पलीकडून हेडफोनची तार सरकल्याची खसखस आली.

"बिलकीस! मेथी आणू का चुका!" सरदारभाई ओरडले. भाजीवाली भामाबाईच्या हातातलं तागडं थांबलं.

"हळू बोला," बिलकीस म्हणाली. "ऐकू येतंय."

"हां... मेथी का चुका?" त्यांनी आवाज खाली आणला. इतका खालचा आवाज बायकोशी बोलताना त्यांनाच परका वाटला.

त्यांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"बिलकीस? बंद पडलं का?"

"न्हाई. चालू हाय." मग ती थांबत थांबत म्हणाली, "अजी, एक विचारू? आज रागात न्हाई का तुम्ही?"

"रागात? कशाचा राग?"

"मला काय ठाव. इतकी वर्सं झाली, माझ्याशी बोलताना तुमच्या कपाळाला आठ्या, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, तोंड एवढं मोठं. आवाज तर येत नव्हता. नुसतं तोंड दिसायचं. मला वाटायचं, बहिरी बायको पदरात पडली म्हणून हा माणूस कायम चिडलेला हाय."

सरदारभाईंच्या हातातली पिशवी तशीच लोंबत राहिली.

"म्हणून तर ती पहिली प्लेट बंद पडली तवा बोलले न्हाई," ती म्हणाली. "म्हटलं, अजून चिडतील. गप हाव हाव करत बसले."

ते भाजीच्या गर्दीतून बाजूला झाले. एका बंद दुकानाच्या शटरला पाठ टेकून उभे राहिले. बायको आपल्या मायेपोटी मान हलवत होती असं धरून हा माणूस चार दिवस मनातल्या मनात तृप्त होऊन हिंडत होता, आणि ती आपल्याच घरात त्याच्या धाकानं बसली होती. तिला ऐकू जावं म्हणून ताणलेली एकेक शीर तिनं राग म्हणून मोजली होती. एवढ्या वर्षांत तिला हे विचारताही आलं नाही, कारण त्याचं उत्तरही ओरडूनच आलं असतं.

"बिलकीस," ते म्हणाले. त्यांनी आवाज चढू दिला नाही. "मी तुझ्यावर कवाच चिडलो न्हाई. एक दिवस न्हाई. तुला ऐकू जावं म्हणून ओरडून राहिलो होतो."

त्यांनी मोबाइल कानाला घट्ट दाबला.

"ऐकू आलं न्हाई का?"

"आलं की," बिलकीस म्हणाली. "पुन्हा एकदा म्हणा."