चुल्यानं चारा सोडला

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आधार कार्डावर अडुसष्ट आहे, पण कार्डवाल्यानं मला विचारलं नव्हतं, तोंडाकडे पाहून टाकलं. दुसरीत शाळा सोडलेल्या माणसाचं वय कोणीही ठरवतं.

जैनथच्या रस्त्याला आमचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार टिनं, दोन बाकडे आणि माझी बायको. चहा ती करते, भजे ती तळते. मी गल्ल्यावर बसतो आणि गिऱ्हाइकांना राजकारण शिकवतो. तिला दमा आहे. डॉक्टर म्हणाला, धूर बंद करा नाहीतर हॉटेल बंद करा. हॉटेल बंद केलं तर राजकारण कोणाला शिकवू? म्हणून आदिलाबादहून पेलेटचा चुला आणला.

पेलेट म्हणजे कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी दळून, दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या. बायको त्यांना लेंड्या म्हणते, आणि दिसतातही तशाच. चुल्याच्या बाजूला डबा असतो, त्यात त्या ओतायच्या. डब्याखाली एक मळसूत्र फिरतं, ते एकेक कांडी पुढं ढकलून आगीत टाकतं. पंखा वारा देतो. धूर जवळपास नाहीच. जुना मातीचा चुला मी त्याच दिवशी सबलीनं फोडला. ती म्हणत होती, महिनाभर राहू द्या. मी म्हटलं, एका घरात दोन बायका अन् दोन चुले नसावेत.

दोन महिने झाले असतील. पौषातली सकाळ, थंडी कडक, बाकड्यावर पाच-सहा गिऱ्हाईक, आणि चुला विझला. डबा भरलेला, पंखा सुरू, पण कांडी खाली पडेना. बैलानं चारा सोडावा तसं.

पहिले मी लाइटीला शिव्या दिल्या. मग प्लग बदलला. मग डब्याला दोन थापडा मारल्या. म्हातारं ढोर आणि मशीन थापडीनं उठतात असं माझं मत होतं.

तोवर बायकोनं बाहेर तीन विटा मांडल्या, पऱ्हाटी पेटवली आणि चहा ठेवला. पाच मिनिटांत खोकला सुरू. खोकत खोकत घमेल्यात माती भिजवायला बसली.

"काय करून राह्यली वं?"

"चुला घालतो. उद्या सकाळी गिऱ्हाइकाले काय तुमचं राजकारण पाजू?"

"संध्याकाळपर्यंत सुरू करून देतो."

"करा. पण काऊन बंद पडला ते बी सांगा. बिनाकारणाची अडली मशीन उद्या पुन्हा अडन."

मग मी चुला विकणाऱ्याला फोन लावला. तो तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलतो.

"दादाजी, पेलेट गीला तो नहीं हुआ?"

"हम पागल दिखते क्या? सत्तर साल से खेती कर रहे."

"स्क्रू खोल के देखो. नहीं तो परसों लड़का भेजता हूँ."

परवा. तोवर मातीचा चुला वाळून, पेटून, पूजा होऊन मोकळा झाला असता. मी फोन कापला. शेजारचा पानठेलेवाला वाकून पाहत होता. म्हणाला, "काका, आतमध्ये उंदीर मेला असन." मी त्याला म्हटलं, "तू जाऊन चुना लाव."

प्लग काढला, चुला थंड होऊ दिला. चष्मा लावून खाली बसलो. डबा उलटा केला. वरच्या कांड्या खडखड पडल्या, खालच्या पडल्याच नाहीत. चार बोल्ट खोलून मळसूत्र बाहेर ओढलं, तर त्याला भिजल्या पिठासारखा लगदा गुंडाळलेला. कांड्या फुगून, फुटून भुसा झालेला आणि भुसा दाबून दाबून घट्ट बसलेला. बोट लावलं. ओलं.

आता इथं मला आठवलं.

पोतं डब्यात रिकामं करताना धूळ उडायची, आणि तिला ठसका लागायचा. आमच्याकडे बैलाला कुटार टाकायच्या आधी त्यावर पाणी शिंपडतात, धूळ बसते, बैलाच्या नाकात जात नाही. मी आठ दिवसांपासून तेच करत होतो. पोत्यात लोटाभर पाणी, वरून हात फिरवायचा. तीन पोती होती, दोन शिंपून ठेवली होती. अक्कल मी एकट्यानंच चालवली होती, कोणाला विचारलं नव्हतं.

दुपारभर बसून चमच्याच्या दांड्यानं लगदा खरवडला. मळसूत्र फडक्यानं पुसलं, उन्हात ठेवलं, पुन्हा बसवलं. न शिंपलेल्या पोत्यातल्या कांड्या टाकल्या. बटण दाबलं. टक. थोड्या वेळानं पुन्हा टक. दिवस कलता कलता निळसर आग उभी राहिली.

"झाला," मी म्हटलं.

ती आली, पाहिलं, मान हलवली. "काय झालं होतं?"

"मळसूत्र अडकलं होतं."

"काऊन अडकलं?"

"मशीन आहे. अडकते."

"मंग मी घालतोच चुला," असं म्हणून ती घमेल्याकडे वळली. मातीत भुसा टाकला, तुडवायला लागली. तुडवताना श्वास शिट्टीसारखा वाजत होता. उद्यापासून दोन्ही चुले राहतील, आणि मशीनवर भरवसा नाही म्हणून ती धुराचाच पेटवत जाईल, हे मला दिसत होतं.

एवढ्या वर्षांत मी तिच्यापुढे चुकलो म्हटलं नव्हतं. चुकलो नव्हतो असं नाही.

"ऐक वं. म्या पाणी मारलं होतं लेंड्यांवर."

"काय मारलं?"

"पाणी. कुटारावर मारतो तसं. धूळ उडते, तुले ठसका लागते."

ती थांबली. मग म्हणाली, "विकायच्या कापसावर पाणी मारत होते तवा वजन भरलं. इथं बरे पकडल्या गेले." हसता हसता तिला पुन्हा खोकला आला. पाय धुतले आणि आत गेली. घमेलं तसंच ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिंपलेली दोन्ही पोती हॉटेलसमोर ओढत आणली आणि ताडपत्रीवर पसरली. फुगून फुटलेल्या निवडून बाजूला काढल्या, धडधाकट उन्हात ठेवल्या. पानठेलेवाल्यानं विचारलं तर त्याला खरं सांगितलं. त्याच्यानंतर विचारणाऱ्याला सांगितलं की पाऊस आला होता.