माणसांची गाडी

त्याला सगळे भोंगेदादा म्हणत. आवाजच तसा होता. ट्रकचा हॉर्न बंद पडला तर हा खिडकीतून डोकं काढून ओरडेल आणि पुढची गाडी मुकाट बाजूला होईल, असं त्याचे दोस्त सांगत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. ऐन विशीत त्याने मालट्रक धरला तो कानशिलं पांढरी झाली तरी सुटला नव्हता. सिमेंट, लोखंडी सळया, बटाट्याची पोती. एकदा तर एका नाटक कंपनीचा अख्खा राजवाडा, खांबांसकट, त्याने वाहून नेला होता. रस्ते त्याला तोंडपाठ होते. घराची सवय मात्र सुटत चालली होती.

हे त्याच्या ध्यानात आलं ते एका सकाळी, लांबच्या खेपेवरून परतल्यावर. खिडकीजवळची त्याची खुर्ची इस्त्रीच्या कपड्यांखाली गडप झाली होती, म्हणून तो दाराजवळच्या स्टुलावर टेकला. आतून कॉलेजात जाणाऱ्या लेकीचा आवाज आला, "आई, बाबांना चहात साखर किती लागते गं?"

प्रश्न साधाच होता, पण तो त्याला लागला. असं पाहुण्यांबद्दल विचारतात.

त्याची बायको शिवणकाम करायची. मशीनवर वाकलेली असताना तिच्या ओठांत नेहमी दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत, आणि तरी तिला बोलायचं अडत नसे. त्याने तिला सांगून टाकलं, "ट्रक सोडतो. बस चालवतो. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी."

तिने टाचण्या काढून उशीला टोचल्या. "बसमध्ये माणसं असतात."

"माहीत आहे."

"ती बोलतात."

"तेही माहीत आहे गं! एवढी वर्षं एवढं धूड चालवलं, बस काय चीज आहे?"

प्रवासी गाडीच्या परवान्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागणार होती. शिकायचं काय त्यात, म्हणून तो थेट परीक्षेलाच जाऊन उभा राहिला. मैदानात त्याने बस अशी मागे घेतली की बघणारे बघत राहिले. वळणं झाली, चढावर थांबून गाडी पुन्हा उचलणं झालं. शेवटी परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "आता मी प्रवासी. त्या खांबापाशी मला घ्या, पुढच्या खांबापाशी उतरवा." साहेब वयस्कर होते. दांडी धरून सावकाश चढले. त्यांचं दुसरं पाऊल आत पडलं आणि भोंगेदादाने दार लावून गाडी काढली. ट्रकची मागची फळी लावली की निघायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. साहेब धडपडत कसेबसे सीटवर आदळले आणि त्यांचा चष्मा घसरत मागच्या चाकावरच्या उंचवट्याला जाऊन लागला.

त्यांनी वाकून चष्मा उचलला, रुमालाने पुसला. रागावले नाहीत. "गाडी फार छान चालवता हो तुम्ही," ते म्हणाले. "पण मी अजून बसलो नव्हतो."

नापास. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा बायकोने मशीन थांबवलं. "साहेबांना लागलं का?"

"नाही."

"मग ठीक," म्हणून ती इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी पदराने डोळे पुसावे लागले. तो मात्र दोन दिवस गप्प होता. भोंगेदादा गप्प म्हणजे घरात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून डेपोच्या मागच्या प्रशिक्षणाच्या शेडमध्ये गेला.

तिथे शिकवायला एक बाई होत्या. उभं आयुष्य त्यांनी बस चालवली होती. आता गुडघे कुरकुरू लागल्यावर शिकाऊ लोकांच्या गळ्यात पडल्या होत्या, असं त्या स्वतःच म्हणत. त्यांनी त्याला पहिले काही दिवस स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. बसच्या मधल्या वाटेत उभं केलं, कशाला धरायचं नाही असं बजावलं, आणि दुसऱ्या एका शिकाऊ माणसाला गाडी चालवायला लावली. पहिल्याच ब्रेकला भोंगेदादा पुढे भेलकांडला आणि त्याने समोर बसलेल्याचं मुंडकं धरलं.

"चूक कुणाची?" बाईंनी विचारलं.

"चालवणाऱ्याची! असा ब्रेक मारतात?"

"आणि पडलं कोण?"

बाईंचं शिकवणं असंच होतं, अर्ध्यावर सोडून द्यायचं. चढणाऱ्याचं तोंड बघू नका, गुडघे बघा, म्हणजे किती वेळ थांबायचं ते कळेल. निघताना आधी आतला आरसा, मग बाहेरचा. गाडी फूटपाथला इतकी लगटून उभी करा की म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर पाय ठेवावा लागू नये. सकाळी गाडीला एक फेरी मारा, चाकं बघा, दारं उघडून बघा, खाली तेल सांडलंय का बघा. डोळ्यांवर झोप असेल तर तसं तोंडावर सांगा, घरी पाठवतील, कुणी फाशी देत नाही. भोंगेदादा ऐकत होता. पोती कधी तक्रार करत नाहीत, असं तो एकदा बोलून गेला. त्यावर बाई म्हणाल्या, "म्हणूनच तुमचं पाऊल इतकं जड आहे."

मग एके दिवशी त्यांनी फर्मान काढलं: सुट्टीच्या दिवशी प्रत्येकाने घरचं एक माणूस घेऊन यायचं. कुणी वडिलांना आणलं, कुणी बहिणीला. भोंगेदादाची बायको येईना, कारण कुठल्याही गाडीत बसली की तिला मळमळायचं. माहेरी जायचं म्हटलं तरी ती आदल्या दिवसापासून जेवत नसे. बाईंना हे कळलं तेव्हा त्या खूश झाल्या. "अहो, असं माणूस शोधून सापडत नाही. आणाच त्यांना."

ती आली, लिंबू मुठीत घेऊन, तिसऱ्या सीटवर, खिडकीशी. पहिल्या वळणाला तिने लिंबू नाकाशी नेलं. दुसऱ्याला डोळे मिटले. तिसऱ्याला म्हणाली, "थांबवा हो," आणि उतरून झाडाखाली जाऊन बसली. तो शेजारी पाणी घेऊन उभा. शिकाऊ मंडळी दुसरीकडे बघत होती.

"मी वेगात नव्हतो गं," तो हळूच म्हणाला.

"वेगाचं नाही. तुम्ही वळणात शिरल्यावर ब्रेक लावता. पोटाला आधी काही कळतच नाही."

बाईंनी हे ऐकलं आणि नुसती मान डोलावली. पुढचे कितीतरी सुट्टीचे दिवस ती येत राहिली. येताना कुरकुरायची, पण यायची. तो वळणाच्या अलीकडेच वेग उतरवायला शिकला. थांबताना शेवटच्या हातभर अंतरात पाय किंचित सैल सोडायचा, म्हणजे माणसाला झटका बसत नाही, हे शिकला. एकदा त्याने आतल्या आरशात पाहिलं तर तिचं डोकं खिडकीला टेकलेलं, मूठ उघडी, लिंबू मांडीवर. "बाई, बघा हो जरा, हिला चक्कर आली!"

बाईंनी मागे वाकून पाहिलं. "ओरडू नका. झोपल्यात त्या."

दुसऱ्यांदा परीक्षेला गेला तेव्हा तेच साहेब होते. ते बसले, नीट टेकले, त्यांनी काठी दोन पायांत धरली, मगच गाडी हलली. परवाना मिळाला.

डेपोने त्याला दिलेला मार्ग बाजारातून निघून मोठ्या हॉस्पिटलवरून टेकडीमागच्या वसाहतीकडे जाई. माणसं खरंच बोलत होती. भाडं, हवा, सून, सांधेदुखी. त्याचं त्यांच्याशी जमलं. एकदाच सुरुवातीला चुकला. चाकाच्या खुर्चीतून येणारे एक घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांना पाहून भोंगेदादा उत्साहाने खाली उतरला आणि त्याने मागून खुर्ची धरून वर ढकलायला सुरुवात केली. घड्याळवाल्यांनी चाकं हातांनी रोखली. "दादा, हे माझे पाय आहेत. माझे पाय धरण्याआधी मला विचारत चला." तो ओशाळला. त्यानंतर रॅम्प खाली टाकला की तो विचारायचा, "आज काय करू?" कधी ते म्हणायचे, "काही नाही," कधी म्हणायचे, "जरा टेकू द्या."

मग ती दुपार आली. बस तीन-चतुर्थांश भरलेली, घड्याळवालेही होते. हॉस्पिटल मागे पडलं होतं, टेकडीचा चढ संपत आला होता. भोंगेदादाच्या नाकाला वास आला. जळक्या रबराचा. त्याने आरशात पाहिलं. मागच्या जाळीतून धुराची बारीक रेघ वर येत होती, आणि समोर लाल दिवा लागला.

वळणावर थांबणं धोक्याचं होतं. वळण ओलांडून सरळ रस्त्याच्या कडेला, सुक्या गवतापासून दूर, त्याने गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, चारही दिवे लुकलुकते ठेवले, दोन्ही दारं उघडली. मग तो उठून प्रवाशांकडे तोंड करून उभा राहिला. एवढं ओरडावंसं त्याला जन्मात वाटलं नव्हतं. पण तो शेजारच्याशी बोलावं तशा आवाजात बोलला.

"मंडळी, मागे इंजिनातून धूर येतोय. आपण सगळे उतरतोय. मागचे मधल्या दाराने, पुढचे पुढच्या. सामान राहू द्या. उतरून पुढे त्या मैलाच्या दगडापाशी जाऊन थांबा. घाई नको, पण थांबूही नका."

लोक उठले. मधल्या वाटेत एक काचसामान विकणारा माणूस आपले दोन खोके ओढत अडून बसला. मागची माणसं तुंबली.

"खोके सोडा, साहेब."

"माझा माल आहे हा! फुटला तर तुम्ही भरून देणार?"

भोंगेदादाने आजवर मालासाठी पावसात ताडपत्र्या बांधल्या होत्या, मालावर झोप काढली होती. त्या माणसाची तडफड त्याला पुरती समजत होती. तरी त्याने खोका उचलून रिकाम्या सीटवर ठेवला आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला दाराकडे वळवलं. "समजतंय मला. आधी तुम्ही." तो शिव्या देत उतरला, पण उतरला.

धूर आता आत येत होता. रॅम्पचं बटण चालेना. भोंगेदादाने तो हाताने उलगडला आणि घड्याळवाल्यांसमोर येऊन विचारलं, "कसं न्यायचं?"

"पट्टा सोडा. पाठ दाराकडे करून उलटं उतरवा. मागून तुम्ही धरा, मी ब्रेक सांभाळतो."

तसंच केलं. खाली उतरल्यावर प्रवाशांतल्या एका नर्सने खुर्ची घेतली. भोंगेदादा पुन्हा वर चढला. नाकावर बाही धरून, वाकून, एकेक सीट बघत तो शेवटपर्यंत गेला. उजव्या कोपऱ्यात, जाकीट तोंडावर ओढून, पाळी संपवून घरी निघालेला एक कामगार गाढ झोपला होता. इतक्या गलबल्यात तो जागा झाला नव्हता. भोंगेदादाने त्याला दंडाला धरून हलवलं. "वसाहत आली?" त्याने विचारलं. "अजून नाही. पण उतरायचंय," भोंगेदादा म्हणाला, आणि त्याला घेऊन बाहेर आला.

दगडापाशी त्याने माणसं मोजली, अग्निशमनवाल्यांना आणि डेपोला फोन केला. इंजिनाचं झाकण उघडायला तो गेला नाही. वारा मिळाला की आग भडकते, बाईंनी सांगितलं होतं. बंब येईपर्यंत मागच्या काचा तडकल्या होत्या. पाणी मारल्यावर आग विझली. कुणाला ओरखडाही नव्हता.

दुसरी बस यायला वेळ होता. नंतरच्या त्या तासाबद्दल कुणी फारसं बोललं नाही, पण तो त्याला सगळ्यात लांब वाटला. एका आजींना बाथरूमला जायचं होतं; त्याने उताराखालच्या एका गॅरेजवाल्याकडे जाऊन विनंती केली आणि आजींना हात धरून नेऊन आणलं. एकीला मुलीला शाळेतून आणायचं होतं. तिच्या फोनची बॅटरी संपलेली, त्याने आपला दिला. काचवाल्याचे खोके भिजून फसकले होते. तो प्रत्येक पेला उजेडात धरून बघत होता आणि अधूनमधून भोंगेदादाला ऐकू जाईल असं बोलत होता. भोंगेदादा त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि धडके पेले वेगळे काढू लागला. थोड्या वेळाने काचवाल्याचं बोलणं थांबलं.

घड्याळवाले बघत होते. "दादा, हात थरथरतायत तुमचे."

त्याने हातांकडे पाहिलं. खरंच होतं. "आत्तापर्यंत नव्हते हो," तो म्हणाला.

"मग पेले खाली ठेवा. फुटतील." आणि त्या रस्त्याकडेला, भिजलेल्या खोक्यांशेजारी, काचवाल्यासकट तिघंही हसले.

त्या दिवशी त्याला लवकर घरी पाठवलं. लेक आणि बायको दोघी घरी होत्या. त्याने सगळं सांगितलं, आजींपासून सुरू करून, आणि धुराचं शेवटी. लेक म्हणाली, "पण तुम्ही परत आत का गेलात, बाबा?"

"बघायला नको, कुणी राहिलं का?"

"आणि कुणीच नसतं तर?"

"तर बरंच झालं असतं की."

वर्कशॉपने नंतर सांगितलं की तेलाची नळी फाटली होती, ती बाहेरून दिसण्यासारखी नव्हती. चार दिवस त्याला सुट्टी दिली. दोनच दिवसांत त्याला घरात करमेना. जुन्या ट्रकमालकाचा निरोप आला, बस जळाली म्हणे, ये परत. त्याने हसून नाही म्हणून कळवलं. पाचव्या दिवशी त्याला दुसरी बस मिळाली, जुनीच, जिचा वायपर किरकिरायचा. त्याने तिला एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, दारं उघडून बंद केली आणि बाजाराच्या थांब्याकडे निघाला. तिथे लोक उभे होते. पहिली चढली ती कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन निघालेली एक बाई, चढताचढता तिने विचारलं, "ही हॉस्पिटलला जाते ना?"

"जाते," भोंगेदादा म्हणाला. "या, सावकाश."